क्रिसांता, लिंबू आणि दांड्याचा दिवा

क्रिसांता नोरालेसला लोक 'नाही' म्हणायचे, पण ते तिच्या कानापर्यंत पोचायचं नाही. अंगानं एवढीशी बाई. मी बसलेली असले आणि ती उभी असली तरी आमची डोकी एका उंचीवर यायची. खांद्यावर कायम एक फडकं. ते फडकं घेऊन ती देवळात शिरली की आतल्या पितळेची खैर नसे. लिंबू चिरायचं, अर्धी फोड मिठात बुडवायची आणि घासायचं. घंटा, क्रूस, मेणबत्त्यांचे स्टँड, दाराची कडी, सगळं असं लखलखायचं की दुपारच्या उन्हात डोळे मिटावे लागत. गावातली पोरं म्हणायची, एक दिवस ही बाई फादरचं टक्कलसुद्धा लिंबानं घासून ठेवणार.

मी पेत्रोनिला. मी खोबरेल काढते आणि नारळाचा पाव भाजते, आणि माझं तोंड फटकळ आहे हे मला ठाऊक आहे, कुणी सांगायला नको. माझ्या ओलेगारिओचा बाप्तिस्मा झाला तेव्हा क्रिसांतानं त्याला हातावर धरलं, म्हणून ती त्याची माद्रीना, म्हणजे धर्माची आई, आणि माझी कोमाद्रे. आमच्या किनाऱ्यावर हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड. बहिणीशी भांडून बोलणं टाकता येतं, कोमाद्रेशी टाकलं तर सगळं गाव मध्ये पडतं. तरीही एका ऑक्टोबरात मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याचीच ही गोष्ट आहे.

पण आधी तिच्या बापाचं सांगायला हवं, नाहीतर क्रिसांता कळायची नाही.

आमच्या नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्यात एकच फट आहे, होडी जेमतेम जाईल एवढी. दिवसा पाण्याच्या रंगावरून ती ओळखता येते. तिन्हीसांजेला येणाऱ्यानं काय करायचं, तर देवळाच्या मनोऱ्यातला दिवा आणि किनाऱ्यावरचं थोरलं बदामाचं झाड एका रेषेत धरायचं आणि डोळे न हलवता वल्हवत सुटायचं. रेष चुकली की लाट होडीला आडवी करते. आमच्या आज्यांच्या काळापासून हे असंच आहे. तेव्हा मनोऱ्यात रॉकेलचा कंदील असे, आणि तो लावायचं काम क्रिसांताच्या बापाकडे, सेलेदोनिओकडे होतं. घंटा वाजवणारा तोच, कंदील लावणारा तोच, आणि मासे मारणाराही तोच.

एके दिवशी सेलेदोनिओ दुपारचा बाहेर पडला. अंधाराच्या आत परत येतो म्हणाला. उत्तरेचा वारा उठला आणि त्याला उशीर झाला. गावात प्रत्येकाला वाटलं की कंदील सेलेदोनिओ लावेल. सगळे किनाऱ्यावर समुद्राकडे बघत उभे, पण कंदील लावणारा स्वतःच पाण्यावर आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी होडी मिळाली, दोन दिवसांनी तो मिळाला. क्रिसांता तेव्हा परकरातली पोर. त्या आठवड्यापासून मनोऱ्याच्या शिडीवर तीच चढायला लागली. लग्न झालं, नवरा जहाजावर गेला तो तिकडे न्यूयॉर्कलाच राहिला, ताप आले, गुडघे गेले, पण तिन्हीसांज झाली की ही बाई शिडीवर. माझ्या लग्नातसुद्धा नाच अर्ध्यावर टाकून गेली होती. मी रागावले तर म्हणाली, "तुझा नवरा कुठे पळून जात नाही, दिवा जातो."

मग सोलर आलं. शहरातून यादिरा नावाची इंजिनिअर मुलगी आली, देवळाच्या पत्र्यावर ऊन पिणाऱ्या काळ्या पाट्या बसवल्या, मनोऱ्यात घंटेखालच्या कोनाड्यात दोन बॅटऱ्या ठेवल्या, आणि कंदिलाच्या जागी पांढरा दिवा लावला. बटण दाबलं की लागतो. गुणी पोर होती, कामात चोख. परतीची बोट निघायच्या घाईत तिनं क्रिसांताला बॅटरीवरची टर्मिनल दाखवली, त्यांच्यावर आवळलेल्या पितळी क्लिपा दाखवल्या. म्हणाली, "मावशी, बाकी सगळं आपोआप चालतं. ही टोकं तेवढी स्वच्छ ठेवा. या किनाऱ्यावरच्या बॅटऱ्या वयानं जात नाहीत, टोकं खाल्ली जाऊन जातात."

"स्वच्छ?" क्रिसांता म्हणाली. "स्वच्छ तू मला सांगतेस?" आणि तिनं नुसतं बोट करून घंटा दाखवली.

यादिरानं घंटेकडे बघितलं. घंटेत तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं. ती खूश झाली आणि बोटीत बसून गेली.

आता गंमत बघा. आमच्याकडे स्वच्छ म्हणजे चमकतं ते. भांडं स्वच्छ म्हणजे त्यात तोंड दिसलं पाहिजे. क्रिसांतानं दर शनिवारी क्लिपा सोडवल्या, लिंबू-मिठानं घासल्या, टर्मिनलांनाही लिंबू चोळलं, फडक्यानं पुसलं आणि परत आवळलं. नवी नवरी मिरवावी तशा त्या बॅटऱ्या मिरवायची. येईल त्याला शिडीवर चढवून दाखवायची. मलासुद्धा चढवलं, माझ्या वजनाला ती शिडी कशी टिकली देव जाणे.

थोड्याच दिवसांत क्लिपांच्या कडेनं हिरवट पीठ यायला लागलं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कसं कळकतं, तसं. क्रिसांताला वाटलं आपलंच घासणं कमी पडतंय. शनिवारचं ती रोज करायला लागली. जितकं घासावं तितकं ते पीठ दुप्पट. माझ्याकडून ती लिंबं मागून न्यायची. मी म्हणायचे, "कोमाद्रे, त्या बॅटऱ्यांना लिंबं देतेस त्यापेक्षा मला माशाला राहू दे." ती म्हणायची, "समुद्राची हवा आहे ती. माझ्यापुढे तिचं काही चालणार नाही."

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी क्रिसांतानं बटण दाबलं. दिवा लागला, थोड्या वेळानं पिवळा पडला आणि गेला. तिनं क्लिपा हलवल्या, आवळल्या, परत हलवल्या. खाली पळत जाऊन जुना कंदील शोधला, तर त्यात तेल नाही. मग तिनं घंटा बडवायला सुरुवात केली. पण घंटेनं रेष थोडीच दिसते?

माझा ओलेगारिओ आणि त्याचा जोडीदार तेव्हा दांड्याशी आले होते. दिवा दिसला, त्यांनी रेष धरली, आणि ऐन फटीत रेष नाहीशी झाली. होडी आडवी झाली. जोडीदार पोहत बाहेर आला. ओलेगारिओला होडीचा काठ लागला आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. एका हातानं वाळूवर सरपटत आला माझा मुलगा, दोन लेकरांचा बाप. जाळं गेलं, वल्ही गेली. त्याचा तो चेहरा मी बघितला आणि सरळ देवळात गेले. क्रिसांता मनोऱ्यातून खाली उतरत होती. हात हिरवे.

"तुझ्या बापाला दिवा नव्हता," मी म्हणाले. "माझ्या पोराला होता, आणि तू तो विझवलास."

त्यानंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. तेव्हा तरी नाही. माझ्या डोळ्यांपुढे ओलेगारिओचा लोंबणारा हात होता.

पंचायत बसली, बदामाच्या झाडाखाली. सातूर्नीनो आमचा प्रमुख, दुकान त्याचंच. तसा माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक दुखण्यावर यंत्र सुचतं. तो म्हणाला, "दुकानात माझा जनरेटर आहे. दुकानासमोर खांब उभा करू, वर दिवा लावू. सोलरचं हे लाडावलेलं लेकरू आता पुरे झालं."

कोळी म्हणाले, दुकानासमोरून रेष बसत नाही. सातूर्नीनो म्हणाला, नवी रेष शिका. यावर जो गोंधळ झाला तो मी सांगत बसत नाही. आम्ही या किनाऱ्यावरची गारिफुना माणसं, चार जण जमलो की सहा मतं होतात. शेवटी क्रिसांता उठली. उठली काय, बाकावर चढली, नाहीतर दिसली नसती.

"या पोराचं हाड माझ्यामुळे मोडलं," ती म्हणाली. "ते मी नाकारत नाही. पण रेष देवळाचीच राहील. उत्तरेच्या वाऱ्यांचा हंगाम संपेपर्यंत मला मुदत द्या. त्यात एका तिन्हीसांजेला जरी दिवा गेला, तरी मनोऱ्याची किल्ली आणि घंटेचा दोर दोन्ही तुझ्या हातात, सातूर्नीनो. मग मी देवळाची पायरीसुद्धा झाडणार नाही."

घंटेचा दोर म्हणजे तिचा बाप होता. ते सगळ्यांना कळलं. मत घेतलं, तिच्या बाजूनं जास्त हात वर झाले. मी हात वर केला नाही, कुणाच्याच बाजूनं. घरी आले आणि पिठावर राग काढला. त्या दिवशीचा पाव दगडासारखा झाला.

क्रिसांतानं पहिलं काम केलं ते हे की कंदील तेल भरून मनोऱ्यात आणून ठेवला. "हा माझ्या भरवशावर नाही, तुमच्या भरवशावर ठेवलाय. दिवा गेला तर जवळ असेल त्यानं लावायचा," असं सगळ्यांना सांगितलं. दुसरं, ती नारळाच्या बागेपलीकडच्या टेकाडावर गेली, जिथे फोन लागतो, आणि स्पीकर लावून यादिराला फोन केला. माझी सून तिथे होती, तिनं सगळं ऐकलं आणि मला येऊन जसंच्या तसं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण सांगू नकोस असंही म्हटलं नाही.

यादिरानं विचारलं, "मावशी, साफ कशानं करता?"

"लिंबानं. मीठ लावून. रोज."

मग यादिरा म्हणाली, "मावशी, बॅटरीच्या पोटात ऍसिड आहे. त्याची वाफ टोकांना खाते. त्यात खारी हवा. आणि तुम्ही वरून रोज लिंबू आणि मीठ चोळताय. म्हणजे चोराला जेवू घालून वर पान देताय."

"पण चमकतं."

"चमकायला नकोय, मावशी. कोरडं हवंय. स्वच्छ म्हणजे कोरडं. चूक माझीच आहे, मी नीट सांगायला हवं होतं. खायच्या सोड्यानं आधी ते ऍसिड मारा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा, हवा लागता कामा नये."

क्रिसांतानं फोन ठेवला आणि टेकाडावरच बसून राहिली, असं सून म्हणाली. सगळा जन्म जिनं चमक म्हणजेच देवाचं काम मानलं, तिला कुणीतरी चमकायला नको असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सातूर्नीनोच्या दुकानात गेली. ग्रीसचा डबा होता, पण झाकण कधीचं हरवलेलं. अर्धं ग्रीस, अर्धी वाळू. नवा माल बोटीनं येणार आणि समुद्र खवळलेला, बोट केव्हा येईल कुणी सांगावं. सोड्याची बरणी तर रिकामीच. मग ती रिकामी बाटली घेऊन माझ्या दारात आली. आमच्याकडे खारी हवा ज्याला म्हणून खाते, त्याला खोबरेल चोळतात. कोयत्याला, बिजागरीला, शिलाईच्या मशीनला. मी एक शब्द न बोलता बाटली भरून दिली. तिनंही एक शब्द न बोलता घेतली.

खोबरेल त्या पत्र्याखालच्या उकाड्यात वितळून वाहून गेलं आणि त्याच्या वासाला मुंग्या आल्या. लाल, चावणाऱ्या. मनोऱ्याच्या तळापासून वरपर्यंत रांग. क्रिसांता हातभर चावे घेऊन परत माझ्या दारात. चेहरा सुजलेला. मी ओठ आवळून धरले, पण तेवढ्यात तिनं त्या सुजल्या तोंडानं म्हटलं, "तुझं तेल फार चांगलं आहे, कोमाद्रे. मुंग्यांना विचार." आणि मला हसू फुटलं. राग असा निघून जातो का कुणाचा? गेला नाही. पण त्याला भोक पडलं.

मी तिला बसवलं. कसावाच्या कंदाची भाकरी आणि कालवण दिलं. जेवल्यावर मला नेहमीसारखी जळजळ सुटली, म्हणून मी फळीवरचा डबा काढून चिमूटभर सोडा पाण्यात टाकला. क्रिसांता बघत राहिली.

"ते काय गं?"

"सोडा. पोटात आग पडते माझ्या, तुला माहीत नाही का? डॉक्टर म्हणतो ऍसिड."

"ऍसिड?" ती म्हणाली.

"ऍसिड."

तिनं डबा माझ्या हातातून ओढून घेतला. अर्ध्या गावात ती सोडा शोधत फिरली होती आणि माझ्याकडे मागायला तिचं तोंड धजलं नव्हतं. मी पण अशी, की सून सगळं सांगत असताना डबा तिथेच फळीवर, आणि माझ्या टाळक्यात आलं नाही. "थोडा माझ्या पोटासाठी ठेव," मी ओरडले, तोवर ती रस्त्याला लागली होती.

मग मीही गेले. त्या शिडीवर दुसऱ्यांदा. आधी तिनं पाट्यांकडून येणाऱ्या तारा सोडवल्या, मग क्लिपा सोडवल्या. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना बघितलं, सोड्याचा थेंब आत जाता कामा नये. मग सोड्याचं पाणी टोकांवर सोडलं. ते असं फसफसलं, असं फसफसलं, की माझ्या पोटातलं आजवरचं सगळं डोळ्यांनी बघितल्यासारखं झालं. हिरवं पीठ विरघळून गेलं. गोड्या पाण्यानं धुतलं, पुसलं. मग क्रिसांता पंख्यानं वारा घालत बसली, ओलसरपणाचा मागमूस राहू नये म्हणून. खाली दिसलं ते साधं, करडं शिसं. चमक कसली नाही.

"कसं भिकार दिसतंय," ती म्हणाली.

"कोरडं आहे ना?"

"कोरडं आहे."

दिवा त्या संध्याकाळी भक्कम लागला. पण वर काही लावलेलं नव्हतं, आणि चारच दिवसांत कडेला पुन्हा हिरवी रेघ. रोज सोडवायचं, धुवायचं, आवळायचं, तर नटांचे आटे झिजायला लागले. ग्रीसची बोट येत नव्हती. वारे मात्र वेळेवर यायला लागले होते.

उपाय तिला तिच्याच पितळेनं दाखवला. बॅटऱ्यांच्या नादात तिनं देवळातलं घासणं सोडून दिलं होतं. तिच्या जन्मात पहिल्यांदाच ते सगळं कळकलेलं होतं. मी तिच्याबरोबर देवळात होते तेव्हा. मेणबत्तीच्या एका स्टँडवर मेण ओघळून वाळलं होतं, ते तिनं सवयीनं नखानं खरवडलं. मेणाखालचं पितळ जसंच्या तसं, पिवळंधमक. सभोवार हिरवं, आणि मेण होतं तेवढ्या जागी काही नाही. ती नख तिथेच ठेवून उभी राहिली.

"पेत्रोनिला, मेण वाहून जात नाही," ती म्हणाली. "आणि मुंग्यांनाही आवडत नाही."

देवळात साध्या मेणबत्त्या होत्या, त्या पटकन तडकतात. अस्सल मधमाशांच्या मेणाची एकच होती, ईस्टरची, माझ्या दंडाएवढी जाड, फादरनं स्वतः शहरातून आणलेली. क्रिसांतानं क्रूसाकडे बघून म्हटलं, "तुझीच माणसं आहेत रे पाण्यावर," आणि मेणबत्ती काखेत मारली. नाताळात फादर आले तेव्हा त्यांनी विचारलं, ईस्टरची मेणबत्ती कुठे आहे. क्रिसांतानं मनोऱ्याकडे बोट केलं. फादरनी वर बघितलं, हिच्याकडे बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

माझ्या चुलीवर आम्ही ते मेण वितळवलं. नुसतं मेण कडक होतं, म्हणून त्यात थोडं खोबरेल घातलं. गार झाल्यावर मलमासारखं झालं, बोटानं लावावं असं. आता झालं, असं वाटून क्रिसांतानं टोकं स्वच्छ केली, त्यांना चांगलं दाबून मलम फासलं आणि वरून क्लिपा आवळल्या. दुपार होती. सातूर्नीनो खाली उभा होता, बघायला आला होता. बटण दाबलं.

काही नाही. पिवळासुद्धा नाही.

सातूर्नीनो हसला नाही, तेवढं त्याचं चांगलं. वर बघून म्हणाला, "संपलं का, क्रिसांता?"

"चुकलंय," ती वरूनच म्हणाली. "संपलं कशाला? अजून तिन्हीसांज झालेली नाही."

मला खाली बसवेना. मी शिडीच्या तळाशी उभी राहून तिला म्हटलं, कंदील लाव, आजच्यापुरतं त्याच्यावर भागव. ती ऐकते कुठली. तिनं क्लिप काढली, आत बोट फिरवलं, बोटाला मेण. बराच वेळ त्या बोटाकडे बघत बसली. मग म्हणाली, "अगं, मी नवरा-बायकोच्या मध्ये गादी टाकली."

"काय?"

"धातूला धातू चिकटला पाहिजे. मेण बाहेरून. पांघरूण बाहेरून घालायचं असतं, मध्ये नाही."

सगळं परत खरवडून काढलं. सोडा, पाणी, पुसणं, वारा घालणं. कोरडं टोक, कोरडी क्लिप, पान्यानं घट्ट आवळलं, आणि मग वरून, कडेनं, फटीफटीत मेणाचं मलम, कुठे धातू उघडा दिसणार नाही असं. ऊन उतरत आलं होतं. बटण दाबलं आणि दिवा लागला. सातूर्नीनो अजून तिथेच होता. त्यानं टोपी नीट केली आणि दुकानाकडे गेला.

आठवडे गेले. क्रिसांता रोज शिडी चढायची, मेणाला तडा आहे का बघायची, हात लावायची नाही. न घासता नुसतं बघायचं, हे तिला किती जड जात होतं ते मला विचारा. हाताला चाळा नाही म्हणून माझे नारळ खवून द्यायची. ओलेगारिओचं हाड जुळलं. जुळल्याबरोबर तो जाळं विणायला बसला. मी म्हटलं, वारे संपू दे. तो म्हणाला, "आई, पोरं वारा खाऊन जगत नाहीत." आणि गेला. मी क्रिसांताला सांगितलं नाही, पण तिला कळलंच.

त्या दिवशी दुपारी आभाळ उत्तरेकडून काळं झालं. बाहेर तीन होड्या होत्या. वारा असा आला की माझ्या अंगणातलं केळीचं झाड आडवं झालं. तिन्हीसांजेच्या आधीच अंधारून आलं. सगळं गाव किनाऱ्यावर. सातूर्नीनोनं जनरेटर आणला होता, पावसात तो सुरूच होईना. मनोऱ्यातला दिवा लागलेला होता. कंदीलही लागलेला होता म्हणे, पण वाऱ्यानं पहिल्या सपाट्यात विझला.

आम्ही सगळे समुद्राकडे तोंड करून उभे. मी देवाला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. मध्येच मला दिसलं की क्रिसांता माझ्या शेजारीच उभी आहे, पण उलटी. पाठ समुद्राकडे. ती मनोऱ्याकडे बघत होती. पापणी लवत नव्हती. पाऊस डोळ्यांत जात होता तरी पुसत नव्हती.

"इकडे बघ की," मी म्हणाले.

"तिकडे बघायला तुम्ही सगळे आहात," ती म्हणाली. "त्या दिवशीही सगळे तिकडेच बघत होते."

मला तेव्हा कळलं ती बाप गेला त्या दिवसाबद्दल बोलतेय. मी तिचा हात धरला. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा.

पहिली होडी आली. दुसरी आली. मग किती वेळ काहीच नाही. दिवा हलत नव्हता, पिवळा पडत नव्हता. मग दांड्यापाशी लाटेच्या डोक्यावर एक काळा ठिपका वर आला, खाली गेला, परत वर आला, सरळ, बदामाच्या झाडाच्या रेषेत. माणसं पाण्यात धावली. ओलेगारिओ होडी ओढत वाळूवर आला, दोन्ही हातांनी.

"आले," मी म्हणाले.

"सगळे?"

"सगळे, क्रिसांता."

तेव्हा ती वळली. ओलेगारिओ ओला, माझ्या मिठीतून सुटून तिच्यापुढे आला आणि वाकला, कारण ती एवढीशी. म्हणाला, "माद्रीना, शेवटपर्यंत दिसत होता."

"कसा दिसत होता? चमकत होता?"

"नाही हो. साधाच होता. पण जागचा हलला नाही."

क्रिसांतानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि त्याचं तोंड पुसलं, पितळ पुसावं तसं, कानामागेसुद्धा. मग तेच फडकं स्वतःच्या तोंडावर धरलं आणि त्यातून म्हणाली, "मग बाबापण आले असते."